सोनं न सोसणारा कान

माझ्या मामानं मला फसवलं. सोन्याची म्हणून त्यानं माझ्या कानांत घालायला आणलेली तार पितळेची होती. मी तेव्हा पहिलीतली पोर होते. हे मला कळलं ते या हिवाळ्यात, केस पिकल्यावर. मधली सगळी वर्षं मी एक खोटं स्वतःच्या कातडीवर वागवलं, आणि ते माझंच व्यंग आहे असं समजून वागवलं.

मला फसवणं सोपं नाही. पेणच्या बाजारात कुणालाही विचारा. माझं कडधान्याचं दुकान आहे. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर वाल मांडून बसण्यापासून सुरुवात केली, आज दुकानाला शटर आहे आणि मागे गोदाम आहे. पोतं आलं की मी वरचे वाल बघत नाही. कोपरापर्यंत हात आत घालते, तळाचे काढते, एखादा दाताखाली फोडते. माल आणणारे म्हणतात, "मावशी, जरा तरी विश्वास ठेवा." मी म्हणते, "विश्वास ठेवायला देव आहे. तू पोतं उपडं कर." माझा आवाज चढतो, माणसं दुखावतात, पण पुढच्या खेपेला माल चांगला आणतात. अशी मी. आणि मला फसवलं कुणी, तर ज्याच्या मांडीवर मी बसले होते त्यानं.

थंडी पडली की हे सगळं परत येतं. भात कापून झालेलं असतं. खाचरांत नुसती धसकटं उरतात आणि त्यांच्या मधून वालाचे वेल जमिनीला धरून पसरतात. त्यांना कुणी पाणी देत नाही. जमिनीत राहिलेली ओल आणि रात्रीचं दव एवढ्यावर ते फुलतात आणि शेंगा धरतात. मग गडबच्या आसपास हायवेला शेंगांचे ढीग लागतात, शेजारी भांबुर्ड्याच्या जुड्या आणि काळी मडकी. पोपटीचा हंगाम. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, परत पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मडकं उघडलं की जो उग्र, ओला, धुरकट वास येतो त्यासाठी मुंबईहून गाड्या करून लोक येतात, फोटो काढतात, शेंगा सोलताना बोटं भाजली म्हणून हसतात.

मला तो वास आला की माझा डावा कान ठणकतो. कानाच्या पाळीत आता ठणकण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ठणकतो.

गल्ल्यावर बसलं की गिऱ्हाइकाचा चेहरा मला नंतर दिसतो, आधी कान दिसतात. खाडीकडच्या म्हाताऱ्या येतात, जड दागिने वागवून वागवून पाळ्या पार खांद्याकडे ओघळलेल्या. काहींच्या कानाला वरच्या बाजूला बुगडीचं जुनं भोक असतं, बुगडी लेकीला देऊन झालेली असते, भोकात नुसता उजेड. कडेवरच्या तान्ह्या पोरींच्या कानात सोन्याची केसाएवढी तार असते आणि पाळीवर हळदीचा पिवळा डाग. कॉलेजच्या पोरींचे कान तर वरपासून खालपर्यंत भरलेले. पाळीला दोन-तीन खडे, वरच्या कडेला रिंग, कानाच्या तोंडाशी जो बारका कोंब असतो त्यातसुद्धा एक ठिपका. नवऱ्याशी भांडून आलेली बाई कानातलं काढून आलेली असते, हेही मला कळतं. आणि माझ्याकडे बघणाऱ्याला काय दिसतं ते मला पाठ आहे. डावी पाळी मधोमध चिरलेली, सापाच्या जिभेसारखी. उजव्या पाळीत भोकाच्या जागी एक कडक गाठ. मी पदर कानावरून घेते. लोकांना वाटतं, बाई जुन्या वळणाची आहे.

आमच्या निडीला, माझ्या माहेरच्या गावी, कान टोचायचे ते थंडीतच. घाम नसतो, जखम चिघळत नाही, असं म्हणत. काही घरांत बाराव्या दिवशी टोचतात, आमच्याकडे माझं राहून गेलं होतं. मामाच्या सवडीसाठी राहिलं होतं, हे मला नंतर समजलं. कारण आमच्यात कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर हवं आणि कानात घालायचं सोनंही मामानंच आणायला हवं. ते सोनं सगळ्यांनी बघायचं असतं. त्यावरून माहेर जोखलं जातं.

मामा गडबहून आला. खांद्यावर शेंगांची पिशवी, खिशात गुलाबी कागदाची पुडी. सोनार दागिना बांधून देतो तसला कागद. कागद तेवढा खऱ्या सोनाराचा होता.

खळ्यात चटई टाकली होती. माझी आत्या माहेरपणाला आलेली, ती पाटावर बसली होती. वडलांची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा असायचा.

"बघू तरी गो वैनी," आत्या आईला म्हणाली, "तुझ्या भावानं काय आणलाय."

आईनं पुडी तिच्या हातात दिली. आत्यानं तार तळहातावर घेतली, हात जरासा खालीवर केला, उन्हात धरली. "बारीक हाय," म्हणाली.

"पोरीचा कान केवढा," आई म्हणाली. "सोन्याची हाय, हे बघा."

मामानं मला मांडीवर ओढून घेतलं आणि माझं डोकं छातीशी दाबून धरलं. त्याच्या सदऱ्याला धुराचा आणि भांबुर्ड्याचा वास होता. आदल्या संध्याकाळी त्यानं कुठल्यातरी शेतात पोपटी लावलेली असणार. त्याचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या गालाला लागत होतं. मला वाटलं, मला दुखणार म्हणून तो घाबरलाय.

रोह्याचा सोनार सायकलवरून आला होता. म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा. त्यानं काडीनं माझ्या दोन्ही पाळ्यांना काजळाचे ठिपके दिले, लांब होऊन बघितले, एक पुसून परत दिला. मग आत्याकडून तार घेतली. तेव्हा सुई वेगळी नसायची, तारेचे दोन कानांसाठी दोन तुकडे करून त्यांचीच टोकं घासून अणकुचीदार करायची आणि तीच आरपार घालायची. सोनारानं टोक घासायला घेतलं आणि थांबला. बोटांत तार फिरवली. चष्मा वर केला. माझ्या आईकडे बघितलं.

"बायो, हीच घालू?"

"हीच घाला," आई म्हणाली.

मला वाटलं, आणखी एखादी असेल, मोठी, चमकणारी, आणि आई ती देत नाही. लहान पोराला एवढंच सुचतं. मग टच्च झालं, आणि माझी किंकाळी, आणि आत्याचं हसणं, आणि तोंडात कोंबलेलं गूळखोबरं. संध्याकाळी मामानं परसात पोपटी लावली. मला मांडीवर घेऊन एकेक शेंग सोलून, फुंकर घालून, दाणे भरवले. "माझी सोन्याची बाय ती," म्हणत होता. मी दाणे चावले की कान ओढला जायचा. मिठाची चव, धुराची चव आणि ती ओढ, या तिन्ही माझ्यात एकमेकींना अशा चिकटल्या की अजून सुटल्या नाहीत.

कान पिकले. आधी लाल, मग गरम, मग ताठ. मला ताप भरला. उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे, पिवळे आणि त्यांच्या कडेला हिरवे. आई मिठाचं कोमट पाणी करायची, कापूस बुडवून कान शेकायची, फुंकर मारायची. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. तिच्याइतक्या हळव्या हातानं माझं कुणी काही केलेलं नाही. हे लिहिताना मला त्या फुंकरीची आठवण येते आणि मी पेन खाली ठेवते.

आत्या एकदा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सोन्यानं कान पिकतो व्हय गो कधी?"

आईनं मान वर केली नाही. कापूस पिळत म्हणाली, "हिची कातडीच तशी हाय. हिला सोनं सोसत नाय."

बस्स. एवढं एकच वाक्य. आत्या "हं" म्हणून गेली. पण ते वाक्य गेलं नाही, ते घरात राहिलं. आधी घरात, मग वाडीत, मग सगळ्या सोयऱ्यांत. शोभाला सोनं सोसत नाय. डावी पाळी तारेनं चिरत गेली, उजवीत भोक बुजून गाठ झाली, आणि मी अशी झाले की जिला सोनं सोसत नाही. बरोबरीच्या पोरींचे कान टोचलेले होते. गरीब घरच्या असल्या तर त्या भोकात केरसुणीची हीर घालून ठेवायच्या, पुढे सोनं मिळेल म्हणून भोक जपायच्या. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. जत्रेत काचेच्या कुड्या मांडलेल्या असायच्या, त्या मी हातात घेऊन भाव करायची आणि परत ठेवायची. माझी भाव करायची सवय तिथून लागली असावी. घ्यायचं नसलेल्या वस्तूचा भाव करताना माणूस घाबरत नाही.

लग्न ठरताना सासूबाईंनी माझा पदर बाजूला केला. "ह्ये काय?"

"हिला कानात सोनं सोसत नाय," आईनं सांगितलं. लगेच सांगितलं, वाट बघत असल्यासारखं.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. तेवढंच वाचलं." आणि सगळे हसले. मीही हसले. लग्न ठरणाऱ्या पोरीनं काय करायचं असतं?

मंगळसूत्र घातलं तेव्हा मी कितीतरी दिवस गळ्याखाली आरशात बघत होते. आज उठेल पुरळ, उद्या उठेल. उठलं नाही. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कानाची कातडी येगळी असते गो." तिनं एवढं सहज सांगितलं की मला स्वतःचाच राग आला, विचारलं म्हणून. साऱ्या जगाचा माल मी दाताखाली फोडून घेतला. आईचा शब्द तेवढा पोत्यासकट उचलला.

माझी मुलगी तन्वी जन्मली तेव्हा बारशाला निडीहून आई आली. सोनाराला बोलवायचं का, अशी घरात चर्चा निघाली, तर आई माझ्या कानाशी लागली. "नको. तुझ्यावर गेलीय ती. तिचे पण कान जातील." मी घाबरले. आपण भोगलेलं लेकीच्या वाट्याला कुणाला हवं असतं? माझी लेक रिकाम्या कानांनी मोठी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला सगळ्या पोरींसारखे झुमके हवे होते. मी दाबाचे आणून दिले. त्यातला एक नाचता नाचता गळून पडला, आणि ती एका कानात झुमका असलेली तशीच शेवटपर्यंत नाचली. मी टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते.

तन्वी आता रोह्याकडे एका कंपनीत लॅबमध्ये आहे. पेणहून शिफ्टच्या बसनं जाते येते. दिवसभर धातू आणि रसायनं, कशात काय मिसळलंय ते शोधणं, हेच तिचं काम. यंदा दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी कान टोचून घेणार."

"तुला सोसणार नाय."

"कोण म्हणतं?"

"आजी."

तिनं माझ्या गळ्याकडे बोट केलं. "मग हे काय दगडाचं आहे? इतकी वर्षं घालतेस."

मी कातडी वेगळी असते म्हणून सांगायला गेले आणि माझ्याच तोंडून आईचा आवाज ऐकून गप्प झाले.

पेणमध्येच एका जिन्यावर लहानसं दुकान आहे, टोचण्याचंच. पांढऱ्या टाइल्स, रेलून बसायची खुर्ची, मोठा दिवा. जिना चढताना तन्वी म्हणाली, "आई, इथं भाव करायचा नाय. केलास तर मी खाली जाईन."

"मग मी काय करू? नुसती बसू?"

"पाकीट बघ. सुईचं पाकीट बंद आहे का, तेवढं बघ."

मला काम मिळालं. मी त्या माणसाला पाकीट दाखवायला लावलं, त्यावरची मुदत वाचायला लावली, एकाचा कोपरा दुमडलेला दिसला तर दुसरं काढायला लावलं. हत्यारं कशात शिजवता ते विचारलं. त्यानं कुकरसारखं एक यंत्र दाखवलं, मी त्याचं झाकण उघडून आत डोकावले. हात धुतलेस का, हातमोजे नवे का, आणि दाराच्या कडीला हात लावलास आत्ता, ते बदल. तो हसायला लागला. "काकू, तुम्ही तपासणीवर आलाय का?" मी म्हटलं, "व्हय. उशिरा आलेय."

शेजारी एक पोरगी आईबरोबर बसली होती. तिला कानाच्या वरच्या कडेला टोचायचं होतं आणि खालच्या फॅन्सी स्टोअरमध्ये टोचायच्या बंदुकीनं पटकन होतं, स्वस्तही, असं तिची आई म्हणत होती. तन्वीनं तिला समजावलं. बंदुकीतला खडा बोथट असतो, तो भोसकत नाही, चेपत जातो. पाळी मऊ मांसाची, ती एखादे वेळी सोसते. वरची कड कुरकुरीत, ती चेपली आणि आत पू झाला तर कान वेडावाकडा होतो तो कायमचा. आणि बंदूक काही उकळता येत नाही, आधीच्या माणसाचं रक्त तिच्यात राहतं. पाळी दोनेक महिन्यांत भरते, वरची कड वर्षभरसुद्धा मागते. तोवर हात लावायचा नाही, फिरवायचं नाही, मिठाच्या शुद्ध पाण्यानं धुवायचं, हळद नाही, तेल नाही. लाल होऊन ठणकलं, ताप आला, तर घरी काही करत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

ती बाई कानात प्राण आणून ऐकत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

तन्वीच्या पाळ्या टोचल्या आणि डाव्या कानाची वरची कड. आधी टायटॅनियमचे खडे घातले, शरीर त्याच्याशी भांडत नाही म्हणून. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. मीच खुर्चीचा हात धरून उभी होते.

संक्रांतीच्या आधी पाळ्या भरल्या आणि तिनं त्यांत सोन्याच्या बाळ्या घातल्या, बारक्या, हॉलमार्कच्या. त्या आठवड्यात मी रोज सकाळी तिच्या पांघरुणात डोकं घालून तिचे कान बघत होते. अभ्रा बघत होते. डाग नव्हता. कान थंड, मऊ, कोवळ्या पानासारखे. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काढ गो ते. आत्ता नाय दिसणार, मागनं पिकतील."

मग तन्वीनं मला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी माझ्या पाठीवर वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या पट्टीनं चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढून बघितल्या. सोन्याच्या जागी काही नव्हतं. नेहमीच्या नकली दागिन्यांत असतो त्या एका धातूच्या जागी लाल डाग होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, सोनं घाला की खुशाल."

"मग हे?" मी पदर मागे केला.

त्यांनी पाळी बोटात धरली. "काय घातलं होतं?"

"सोन्याची तार."

"पू कसला यायचा?"

मी अभ्र्याचं सांगितलं. पिवळं, आणि कडेला हिरवं.

डॉक्टरांनी तन्वीकडे बघितलं. तन्वी बोलली. हळू आवाजात, लॅबमध्ये नमुना नापास झाला की बोलत असेल तशी. "आई, सोनं हिरवं पडत नाय. तांबं पडतं. पितळ पडतं."

डॉक्टर म्हणाले, तार पहिल्या दोन दिवसांतच दवाखान्यात नेऊन काढली असती तर दोन्ही पाळ्या वाचल्या असत्या. म्हणाले, आताही शिवता येते, छोटं काम आहे. काही महिन्यांनी शिवणीच्या बाजूला नवं भोक पाडू. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

पहिला राग मामावर गेला. एवढा गेला की माझ्या तोंडून शिव्या निघाल्या आणि रिक्षावाल्यांनी वळून बघितलं. पण मेलेल्या माणसावर किती वेळ ओरडणार? राग ओसरला आणि मामा दिसायला लागला. मी दुकान टाकलं तेव्हा पहिलं पोतं मामानं आणलं होतं, गडबहून, स्वतःच्या शेतातल्या वालांचं. दर वर्षी पहिलं पोतं त्याचंच असायचं. आणि मी त्याच्याशी भाव करायची, सोडायची नाही. वाल बारीक आहेत, ओल आहे, किडके आहेत. तो डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "तू म्हणशील तसं, माझे सोन्याचे बाय." एकदाही त्यानं उलट शब्द काढला नाही. मला वाटायचं, मी हुशार. सगळ्या बाजाराला सांगायची, माझा मामासुद्धा माझ्यापुढे टिकत नाही. आता कळतं, तो माझ्याशी बोलताना कायम माझ्या पायांकडे का बघायचा. तो पोती आणून आणून फेडत होता, आणि ज्याचं फेडतोय ते मला ठाऊकच नव्हतं. त्यानं एकदा सांगितलं असतं तर मी त्याला पोतं परत न्यायला लावलं असतं, भांडले असते, आणि मग कदाचित त्याच्या गळ्यात पडून रडलेही असते. ते सगळं राहून गेलं.

मागच्या आठवड्यात मी रोह्याला गेले. आई आता माझ्या भावाकडे असते, कुंडलिका नदीच्या जवळ. ती खाली फरशीवर बसून भिजवून मोड आणलेले वाल सोलत होती. मी समोर बसले, सोलायला लागले. तन्वीही शिफ्ट संपवून आली होती, खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"आई, मामानं आणलेली तार सोन्याची होती?"

"कंची तार?"

"माझ्या कानातली."

"किती वर्सं झाली गो."

"वर्सं नाय विचारली मी."

आई सोलत राहिली. "मेला बिचारा तुझा मामा. मेलेल्याला कशाला उकरतेस?"

"मामाला सोड. सोनारानं विचारलं होतं, हीच घालू? तू काय म्हणालीस?"

तिचा हात चुकला. वाल सालींत पडला आणि साल पातेल्यात. तिनं ती काढली नाही. पुढचाही वाल सालींत टाकला.

"तुझी आत्या बसली होती समोर," ती म्हणाली. पातेलं जवळ ओढत म्हणाली, "तिचं तोंड तुला नाय ठाऊक."

"मला माझा कान ठाऊक हाय."

तिनं पातेलं बाजूला सारलं. तन्वीला म्हणाली, "इकडं ये गो, बघू कान." आणि ओला हात पुढे केला.

"आजी, आधी हात धू," तन्वी म्हणाली.

आईला हसू आलं. उठून हात धुऊन आली, पदराला पुसले, आणि नातीची पाळी दोन बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिली. खिडकीतून ऊन येत होतं आणि बाळी चमकत होती.

"सोसलं गो हिला," आई म्हणाली.

"मला पण सोसलं असतं," मी म्हटलं.

आईनं पाळी सोडली. "चाय टाकते," म्हणाली आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, पण चहा काही आला नाही. बघायला गेले तर ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, गॅस पेटवलेला नव्हता. मी परत फिरले.

येताना तन्वीच्या बसमधून आले. निडी मागे गेलं, कासू मागे गेलं. खिडकीबाहेर वालाची शेतं, आणि मधे मधे पोपटीचे जाळ, आणि तो वास. तेव्हा मला एक गोष्ट आठवली. ती मला कायम आठवत होती, तिच्याकडे मी कधी बघितलं नव्हतं एवढंच. कान पिकलेले असताना आत्या आमच्याकडेच होती. संक्रांतीचं हळदीकुंकू करून ती सासरी गेली. वडील तिला पोचवायला गेले. आणि त्याच दुपारी आईनं मला कडेवर घेतलं, रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या नर्सनं तार कापून काढली. त्याच दुपारी. आत्या अजून घरीही पोचली नसेल.

म्हणजे आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की तार काढायला हवी. ती मीठपाणी करत होती, फुंकर घालत होती, आणि आत्या कधी जाते त्याची वाट बघत होती. भावाची लाज माझ्या कानात लपवून ठेवली होती तिनं.

तिची अडचण मला कळत नाही असं नाही. मीही सासरी नांदले. माहेरावरून एक टोमणा किती वर्षं पुरतो, ते मला माहीत आहे. आत्याला कळलं असतं तर मामाला त्या घराचा उंबरा चढता आला नसता, आणि आईला मान वर करता आली नसती. हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी दुसऱ्या बाजूला माझा कान उरतोच. नुसता कानही नाही. मंगळसूत्राचं विचारलं तेव्हा आत्या नव्हती. सासूबाई हसल्या तेव्हा आत्या नव्हती. तन्वीच्या बारशाला तर आत्या जाऊन किती वर्षं झाली होती. तेव्हा कुणाला घाबरलीस, आई?

मी डॉक्टरांची तारीख घेतली होती, ती सोडली. पाळी शिवून घेणार नाही. आधी उत्तर, मग टाका. तन्वी म्हणते, "आई, हा कसला हट्ट? कान तुझा आहे." कान माझा आहे म्हणूनच हट्ट आहे.

मामा गेला, सोनार गेला, आत्या गेली. उत्तर देऊ शकेल असं माणूस आता एकच उरलंय, आणि ते रोह्याला वाल सोलत बसलंय. आई, तुला वाचता येत नाही, पण तन्वी तुला हे वाचून दाखवील, मी तिला सांगितलंय. तू मामाच्या वतीनं माफी मागू नकोस, त्याची बाजू मांडू नकोस. त्याचं माझं मिटलं. मी तुला एकच विचारते आणि याचं उत्तर द्यायचं सोडून चहा टाकायला उठून चालणार नाही. सोनारानं हातातली तार थांबवून विचारलं, हीच घालू? तेव्हा "हीच घाला" म्हणताना तू आत्याकडे बघत होतीस, की माझ्याकडे? अजून शेतांत शेंगा आहेत. त्या संपायच्या आत सांग.